फॉरमॅट बदला, फोटो वाचवा

गेल्या वर्षी मेसचे मामा निवृत्त झाले. सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या शेवटच्या पोळीपर्यंत ज्यांनी आमच्यासारख्या शेकडो पोरांना जगवलं, त्यांना निरोप द्यायचा तर नुसत्या शाल-नारळावर कसं भागणार? म्हणून विंगमध्ये ठरलं, की गॅदरिंगच्या दिवशी काढलेला मामांचा तो हसरा फोटो (हातात डाव, खांद्यावर नॅपकिन) १८ बाय १२ इंचाच्या फ्रेममध्ये लावून द्यायचा.

वर्गणी जमली, फोटो मात्र जमेना. ज्या सीनियरने तो काढला, तो पास होऊन नोकरीला लागला होता आणि कॅमेऱ्याचं कार्ड त्याने कधीच रिकामं केलं होतं. उरली होती ती विंगच्या चॅट ग्रुपवर आलेली कॉपी. ती एकाने घेऊन उजळ केली आणि सेव्ह केली. दुसऱ्याने कडा कापल्या आणि पुन्हा सेव्ह केली. तिसऱ्याने ती जेपेगची पीएनजी केली आणि ओरडत आला, "अरे बघा, १८० केबीची फाइल दीड एमबीची झाली! क्वालिटी वाढली!"

तो तिसरा शहाणा म्हणजे अस्मादिक.

स्टुडिओवाल्या काकांनी फाइल स्क्रीनवर मोठी केली. मामांच्या गालावर बाथरूमच्या फरशीसारखे चौकोन दिसत होते आणि मिशीचा नुसता डाग झाला होता. काका चष्म्यावरून बघत एवढंच म्हणाले, "बाळांनो, इंजिनियरिंगला आहात ना?"

हे वाक्य लागलं. डीएसपीच्या पेपरात डीसीटीचा प्रश्न ऑप्शनला टाकणारा मी, त्या रात्री पुस्तक उघडून बसलो. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो आहे. मामांच्या फोटोचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

बॅग भरण्याच्या दोन पद्धती

फोटो म्हणजे शेवटी आकड्यांचा तक्ता. साध्या रंगीत फोटोत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. ६००० बाय ४००० चा फोटो म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल, म्हणजेच ७ कोटी २० लाख बाइट. जसंच्या तसं लिहून ठेवलं तर सुमारे ७२ एमबी. साधी बीएमपी फाइल साधारण हेच करते. म्हणून ती एवढी अवाढव्य.

ही फाइल लहान करण्याच्या पद्धती दोन. सुट्टीला घरी जाताना आपण बॅग भरतो तशाच.

पहिली पद्धत: सगळे कपडे नीट घड्या घालून, दाबून भरायचे. घरी जाऊन उघडली की एकही मोजा कमी नाही. ही लॉसलेस पद्धत. पीएनजी हेच करते. शेजारच्या पिक्सेलवरून ती पुढच्या पिक्सेलचा अंदाज बांधते, अंदाजात जेवढा फरक पडला तेवढाच लिहून ठेवते, आणि मग झिप फाइलमध्ये वापरतात तीच डिफ्लेट पद्धत लावून सगळं दाबून बसवते. उघडताना प्रत्येक आकडा जसाच्या तसा परत मिळतो.

दुसरी पद्धत: जे घरी लागणार नाही असं वाटतं ते रूमवरच सोडून जायचं. बॅग एकदम हलकी! पण घरी पोचल्यावर सोडलेला स्वेटर बॅगेत सापडणार नाही, कितीही मोठ्या बॅगेत सामान हलवलं तरी. ही लॉसी पद्धत. जेपेग हे करते.

मी जी चूक केली ती नेमकी हीच. जेपेगची पीएनजी करणं म्हणजे हलकी बॅग मोठ्या ट्रंकेत रिकामी करणं. जागा जास्त लागली, स्वेटर काही परत आला नाही. पीएनजीने इमानेइतबारे ते फरशीसारखे चौकोनसुद्धा एकही पिक्सेल न चुकता जपून ठेवले!

जेपेगच्या पोटात काय होतं?

जेपेगचं प्रमाण १९९२ साली ठरलं, पण त्याच्या पोटातलं गणित त्याआधीचं आहे. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजे आपलं डीसीटी. ते मांडलं नासिर अहमद यांनी. जन्म बंगलोरचा, इंजिनियरिंगही तिथलंच, पुढे अमेरिकेत प्राध्यापक. १९७२ मध्ये ह्या कल्पनेवर काम करायला त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला तो मिळाला नाही. तरी काम चालू ठेवून १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी तो शोधनिबंध छापला. प्रोजेक्टचा सिनॉप्सिस रिजेक्ट झालेल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता पायऱ्या बघू.

१. लाल-हिरवा-निळा हे आकडे बदलून उजेडाचा एक आणि रंगाचे दोन असे तीन आकडे केले जातात. आपल्या डोळ्याला उजेडातला फरक चांगला कळतो, रंगातला बारीक फरक तेवढा कळत नाही. म्हणून बहुतेक वेळा रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच ठेवतात. पोस्टरवरची लाल अक्षरं जेपेगमध्ये फिसकटलेली दिसतात त्याचं हे एक कारण.

२. चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतात. (फरशी आठवली?) प्रत्येक चौकोनातल्या ६४ आकड्यांवर डीसीटी चालवलं की ६४ नवे आकडे मिळतात. पहिला आकडा म्हणजे चौकोनाची सरासरी, आणि पुढचे म्हणजे अधिकाधिक बारीक चढउतार. गणिताच्या दृष्टीने इथे काहीच हरवत नाही. उलटं डीसीटी केलं की मूळ आकडे परत.

३. खरा घात इथे होतो. ह्या प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या तक्त्यातल्या संख्येने भागतात आणि उत्तर राउंड ऑफ करतात. ह्यालाच क्वांटायझेशन म्हणतात. प्रमाणात उदाहरणादाखल दिलेल्या उजेडाच्या तक्त्यात पहिला भाजक १६ आहे, तर सगळ्यात बारीक तपशिलाचा कोपऱ्यातला भाजक ९९. म्हणजे जेवढा तपशील बारीक, साधारण तेवढी कात्री मोठी.

४. उरलेले आकडे, ज्यात शून्यांची रांगच रांग असते, ते हफमन कोडिंगने दाबून लिहितात. हे काम लॉसलेस.

सगळी खरी चोरी तिसऱ्या पायरीत. एक हिशोब करून बघू. समजा एक आकडा ४७ आहे आणि भाजक १०. ४.७ चं राउंड ऑफ ५. फाइल उघडताना ५ गुणिले १०, म्हणजे ५०. सत्तेचाळीस गेला तो गेला. आणि कोपऱ्यातला आकडा ३० असेल, तर ३० भागिले ९९ म्हणजे ०.३, राउंड ऑफ शून्य. मिशीचा केस गायब!

झेरॉक्सची झेरॉक्स

आता तीच फाइल उघडून दुसऱ्या क्वालिटीला सेव्ह केली, म्हणजे भाजक बदलला. ५० भागिले १२ म्हणजे ४.१७, राउंड ऑफ ४, परत येताना ४८. पुढच्या मित्राने १४ भाजक लावला: ४८ भागिले १४ म्हणजे ३.४३, राउंड ऑफ ३, परत ४२. ४७ चे ५०, ५० चे ४८, ४८ चे ४२. परीक्षेच्या आदल्या रात्री हाती येणारी पाचव्या पिढीची झेरॉक्स अशीच तयार होते.

पण इथे तीन गैरसमज दूर करायला हवेत.

एक, फाइल नुसती उघडून पाहिल्याने किंवा कॉपी-पेस्ट केल्याने काहीही खराब होत नाही. पेन ड्राइव्हवरून हजार वेळा कॉपी करा, बाइट तेच राहतात. नुकसान होतं ते उघडून पुन्हा 'सेव्ह' केल्यावर.

दोन, काहीही न बदलता त्याच क्वालिटीला पुन्हा सेव्ह केलं तर फार नुकसान होत नाही. ५० भागिले १० हे नेमके ५ च येतात. पण डावीकडून ३ पिक्सेल कापले की ८ बाय ८ चे चौकोन नव्याने पडतात, सगळे आकडे नवे आणि कात्रीही पुन्हा पहिल्यापासून. आपण फोटो सेव्ह करतो ते बहुधा काहीतरी बदलल्यावरच, म्हणून धोका खराच.

तीन, 'क्वालिटी ९०' म्हणजे ९० टक्के फोटो शिल्लक असं नाही. तो फक्त तक्ता निवडणारा आकडा आहे, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची मोजपट्टी वेगळी. क्वालिटी १०० ठेवली तरी राउंड ऑफ होतंच, म्हणून नेहमीची जेपेग १०० ला सुद्धा लॉसलेस नाही.

कुठून कुठे गेलं की काय होतं?

बीएमपीतून पीएनजी: बिनधास्त करा. पिक्सेल तेच, जागा कमी.

पीएनजीतून जेपेग: नुकसान होणार. शिवाय पीएनजीतली पारदर्शक पार्श्वभूमी जेपेगला ठेवता येत नाही. तिथे पांढरा किंवा काळा रंग बसतो. कॉलेजचा लोगो काळ्या चौकोनात अडकलेला दिसतो तो ह्याच कारणाने.

जेपेगतून पीएनजी: नवीन नुकसान नाही, जुनं भरून निघत नाही. मग करायचंच कशाला? फोटोवर अनेक दिवस काम करायचं असेल तर. आधी पीएनजी करून ठेवा, मग कितीही वेळा सेव्ह करा.

पीएनजीतून जीआयएफ: १९८७ सालच्या जीआयएफमध्ये एका चित्राला जास्तीत जास्त २५६ रंग. दोन-चार रंगांच्या ब्लॉक डायग्रामला काही होणार नाही, फोटोचा मात्र नकाशा होईल.

टिफ: ही नुसती पेटी आहे. आत काहीच न दाबलेला, लॉसलेस दाबलेला किंवा चक्क जेपेग पद्धतीने दाबलेला फोटो असू शकतो. 'टिफ आहे म्हणजे उत्तमच' असं नाही. सेव्ह करताना कॉम्प्रेशनचा पर्याय वाचा.

वेबपी: २०१० साली गूगलने आणलेला फॉरमॅट. ह्यात लॉसी आणि लॉसलेस दोन्ही प्रकार आहेत, म्हणून इथेही टिकमार्क कुठे आहे ते बघा.

एचईआयसी: २०१७ पासून आयफोन फोटो ह्या प्रकारात ठेवतो. फोटो आधीच लॉसी असतो. त्याची जेपेग केली की दुसऱ्यांदा कात्री लागते. म्हणून एकदाच, वरच्या क्वालिटीला करा आणि मूळ फाइल टाकून देऊ नका. नेहमीच अडचण येत असेल तर फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच जेपेग निवडता येतं.

जेपेगतून जेपेग, पण नुसता उभ्याचा आडवा: हे लॉसलेस करता येतं! जेपेगट्रान नावाचा प्रोग्रॅम किंवा इरफानव्ह्यूमधला लॉसलेस रोटेशनचा पर्याय आकड्यांचे चौकोन न उलगडता तसेच फिरवतो. अट एवढीच, की लांबी-रुंदीला ८ ने किंवा १६ ने (रंगाची माहिती कशी ठेवली आहे त्याप्रमाणे) पूर्ण भाग जायला हवा. ६००० आणि ४००० दोघांनाही १६ ने भाग जातो.

जेपेगतून जेपेग एक्सएल: ह्या नव्या फॉरमॅटमध्ये जुनी जेपेग साधारण २० टक्के लहान करून ठेवता येते आणि हवी तेव्हा मूळ जेपेग बाइट-न्-बाइट परत काढता येते. मात्र ती सगळीकडे उघडत नाही, म्हणून फॉर्मला जोडायला जाऊ नका.

फॉरमॅटवर आळ, चोर भलताच

बऱ्याचदा दोष फॉरमॅटचा नसतोच. मामांच्या फोटोचं बघा. कॅमेऱ्यातला फोटो ६००० बाय ४००० चा. चॅटवर 'फोटो' म्हणून पाठवला तेव्हा तो १२८० बाय ८५३ झाला. म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेलचे जवळजवळ ११ लाख, दर २२ पिक्सेलमागे एक. ही लूट जेपेगच्या कात्रीपेक्षा कितीतरी मोठी. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला असता तर जसाच्या तसा पोचला असता.

डीपीआयचंही तसंच. फाइलमध्ये ७२ चे ३०० डीपीआय लिहिल्याने फोटो सुधारत नाही. ती नुसती चिठ्ठी आहे. खरा हिशोब पिक्सेल भागिले इंच. ६००० पिक्सेल १८ इंचात बसवले तर इंचाला ३३३, छपाईला उत्तम. १२८० पिक्सेल १८ इंचात ताणले तर इंचाला ७१. काकांनी चष्म्यावरून बघायचं कारण हेच.

तिसरा चोर म्हणजे रंगाची प्रोफाइल. फाइलमध्ये आकड्यांसोबत 'हे आकडे म्हणजे नक्की कुठले रंग' हे सांगणारी माहिती असते. काही कन्व्हर्टर ती गाळतात. मग एकही आकडा न बदलता चेहरे फिके पडतात. तसंच १६ बिटचं चित्र ८ बिटचं केलं की छटा कमी होतात, आणि छपाईसाठी सीएमवायके केलं की काही चटक रंग मिळतच नाहीत. ते शेवटचं काम प्रेसवाल्यांवर सोडावं.

आणि प्रोजेक्ट रिपोर्टवाल्यांसाठी: ग्राफ आणि सर्किट डायग्राम जेपेगमध्ये कधीही सेव्ह करू नका. अक्षरांभोवती बारीक ठिपक्यांचा थवा उठतो. ह्या दोषाला खरोखरच 'मॉस्किटो नॉइज' असं नाव आहे, होस्टेलवासीयांना जास्त समजवायला नको. स्क्रीनशॉट पीएनजीत घ्या. ग्राफ सॉफ्टवेअरमधून थेट एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये काढा, म्हणजे रेघा रेघांसारख्याच राहतात, कितीही मोठ्या करा. वर्डमध्ये ऑप्शन्स, मग अ‍ॅडव्हान्स्ड ह्या भागात 'फाइलमधली चित्रं कॉम्प्रेस करू नका' असा पर्याय आहे, त्याला टिक करा. नाहीतर तुम्ही जपलेलं चित्र रिपोर्टमध्ये जाऊन बारीक होतं.

विश्वास नको, वजाबाकी करा

कन्व्हर्टर 'लॉसलेस' म्हणतो म्हणून मान्य करायचं नाही. इंजिनियरने मोजून बघावं. जिंपमध्ये मूळ आणि बदललेलं अशी दोन चित्रं एकावर एक लेयर म्हणून ठेवा आणि वरच्या लेयरचा मोड 'डिफरन्स' करा. सगळं काळं दिसलं तर बरं लक्षण, पण एक-दोन आकड्यांचा फरक डोळ्याला काळाच दिसतो. पक्कं उत्तर हवं तर पायथन किंवा ऑक्टेव्हमध्ये दोन्ही चित्रं वाचून वजाबाकी करा. सगळ्यात मोठा फरक शून्य आला तर लॉसलेस, एक जरी आला तरी नाही. वजाबाकीआधी आकडे ८ बिटमधून डबलमध्ये घ्यायला विसरू नका, नाहीतर उणे उत्तरं गडबडतात आणि आपण फसतो. (मी फसलो होतो.)

फाइलची साइज किंवा चेकसम जुळवून मात्र निर्णय घेऊ नका. दोन सॉफ्टवेअरनी बनवलेल्या पीएनजी वेगवेगळ्या साइजच्या असूनही पिक्सेल शंभर टक्के सारखे असू शकतात. घडी वेगळी, कपडे तेच.

दारामागे चिकटवण्यासाठी

१. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, तिला हात लावायचा नाही. काम नेहमी कॉपीवर.
२. काम चालू असेपर्यंत पीएनजी किंवा लॉसलेस टिफ.
३. जेपेग करायची ती एकदाच, सगळ्यात शेवटी.
४. परीक्षेच्या फॉर्मला ५० केबीच्या आतला फोटो हवा असेल तर आधीच दाबलेला फोटो पुन्हा दाबू नका. मूळ फाइल घ्या, कापा, मागितलेल्या पिक्सेलमध्ये बसवा, मग एकदाच जेपेग करा.
५. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून किंवा पेन ड्राइव्हवरून.

मामांच्या फोटोचं काय झालं?

मूळ फाइल शेवटपर्यंत सापडली नाही. वरच्या पाच नियमांपैकी पहिला कोणीतरी पाळला असता तर सापडली असती. पण रूम पार्टनरच्या फोनमध्ये ग्रुपवर आलेली पहिली कॉपी तशीच होती, कोणी उजळ न केलेली, न कापलेली, माझी 'क्वालिटी' न वाढलेली. काकांनी हिशोब केला: १२८० पिक्सेल, ६ इंच, इंचाला २१३. "ह्यातून ६ बाय ४ झकास निघेल. त्याच्यावर एक इंच मागू नका."

फ्रेम तर १८ बाय १२ ची आधीच आणलेली. मग मधोमध छोटा फोटो आणि चहूबाजूंनी पांढरा कागद असं करून दिलं. मामांनी फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाले, "पोरांनो, एवढी मोठी चौकट आणि मी एवढासा?"

आम्ही माना खाली घातल्या. कोणीतरी चाचरत सगळी कहाणी सांगितली. मामांना त्यातलं कितपत कळलं कोण जाणे. त्यांनी खिशातून भाजीचा हिशोब लिहायचं पेन काढलं आणि पुढे केलं.

"बरं झालं की. सगळ्यांच्या सह्यांना जागा झाली."

सगळ्या विंगने सह्या केल्या. फ्रेम आता त्यांच्या घरी आहे, फोटोत मिशीचे केस मोजता येतात.

तेव्हा मित्रहो, ह्या वर्षीच्या गॅदरिंगचे फोटो अंकासाठी देताना एवढी कृपा करा: कॅमेऱ्यातली, फोनमधली मूळ फाइल द्या. उजळ करू नका, कापू नका, पीएनजी तर मुळीच करू नका. आणि देऊन झाली तरी तुमच्याकडची पुसू नका. पुढच्या निरोपाला ती कोणाला लागेल, सांगता येत नाही.

– तृतीय वर्ष, ई अँड टीसी